हरकत असल्यास कळवावे

मला हे प्रकरण कळलं ते एका बिलावरून. हिशेब बघणारी सहकारी येऊन म्हणाली, "ही कंपनी कुठली गं? हिचं पहिलंच बिल आलंय, कुठल्या खात्यात टाकू?" नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगवाल्यांना विचारलं तर एकजण स्क्रीनवरून मान न वळवताच म्हणाला, "अगं ते नवीन फीचर नाही का, तक्रारीचा सारांश आपोआप तयार होणार ते? ते काम हे लोक करतात. बारा दिवसांनी लाइव्ह जातोय आपण."

बारा दिवस. आणि आमच्या करारात लिहिलेलं, डेटा हाताळायला नवी कंपनी घेणार असलो तर ग्राहकांना निदान ३० दिवस आधी कळवू.

आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपन्या वापरतात, त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवायला. म्हणजे आमच्याकडे जो डेटा पडून असतो तो आमचा नसतोच, आणि आमच्या ग्राहक कंपनीचाही खरं तर नसतो. तो असतो त्या माणसाचा, जो रात्री वैतागून लिहितो की माझे पैसे दोनदा कापले गेलेत, हा माझा फोन नंबर, हा पत्ता, आणि मला सध्या बरं नसल्याने मी फोन उचलू शकत नाही. जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याच्या भाषेत आमची ग्राहक कंपनी 'कंट्रोलर', म्हणजे डेटा कशासाठी वापरायचा ते ठरवणारी; आम्ही 'प्रोसेसर', म्हणजे तिच्या सांगण्यावरून तो हाताळणारे; आणि आम्ही पुढे काम दिलेले हे सारांशवाले 'सब-प्रोसेसर'. त्या वैतागलेल्या माणसाला यातलं कुणीच माहीत नसतं, फार तर पहिली कंपनी.

हा युरोपीय कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं २८वं कलम या कामापुरतं मला आता जवळजवळ पाठ आहे. प्रोसेसरने कंट्रोलरच्या लेखी परवानगीशिवाय पुढे दुसरा प्रोसेसर लावायचा नाही. परवानगीचे दोन प्रकार. एक, प्रत्येक नावासाठी वेगळी परवानगी. दोन, सरसकट परवानगी. पण मग यादीत कुणी नवीन येणार असेल किंवा कुणाच्या जागी दुसरा येणार असेल तर आधी कळवायचं, म्हणजे समोरच्याला हरकत घेता येईल. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या दुसऱ्या वाटेने जातात, आम्हीही तसेच गेलेलो. याच कलमात पुढे आणखी एक वाक्य आहे आणि ते आमच्याकडे कुणालाच आवडत नाही: सब-प्रोसेसरने घाण केली तरी मूळ कंट्रोलरपुढे उत्तर द्यायचं ते आपणच, पूर्णपणे.

फीचर सांभाळणाऱ्या मॅनेजरशी माझं पहिलं बोलणं फारसं गोड झालं नाही. त्यांचा मुद्दा असा, की ते लोक डेटा साठवत नाहीत. मजकूर जातो, सारांश परत येतो, तिकडे काही उरत नाही. मी म्हटलं, साठवण्याचा संबंधच नाही. कायद्याच्या व्याख्येत डेटा बघणं, वापरणं, पाठवणं हे सगळं 'प्रोसेसिंग'च आहे. दोन सेकंद मेमरीत राहिला तरी तो दुसऱ्याच्या मशीनवर गेला. ते म्हणाले, "मग आपण यादीत नाव टाकून देऊ ना आजच. वेबसाइटवर यादी आहेच की."

ही समजूत फक्त त्यांची नाही, मीही दोन-तीन वर्षं तीच बाळगून होते. यादीचं एक पान ठेवायचं, वेळोवेळी त्यात भर घालायची, ज्याला बघायचं तो बघेल. या कायद्याचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या युरोपियन डेटा प्रोटेक्शन बोर्डाने जुलै २०२१मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शनात याला स्वच्छ नकार दिलेला आहे: अधूनमधून बदलणारी यादी नुसती उघडी ठेवणं पुरत नाही, प्रोसेसरने आपणहून, नवीन नावाकडे बोट दाखवून कळवलं पाहिजे. मी तो परिच्छेद त्यांना पाठवला. संध्याकाळी फीचरची तारीख पुढे गेली. माझ्याशी ते पुढचे चार दिवस कामापुरतंच बोलले, ते सोडा.

आता खरं काम. मला वाटत होतं की काम म्हणजे एक ईमेल. ईमेल हा त्यातला सगळ्यात छोटा भाग निघाला.

आधी त्या सारांशवाल्या कंपनीचाच करार वाचायला घेतला. आमच्या माणसाने क्रेडिट कार्ड टाकून, अटी मान्य असल्याच्या चौकोनात टिचकी मारून खातं उघडलेलं. त्या अटींमध्ये मधेच एक निरागस वाक्य होतं: सेवा सुधारण्यासाठी आम्ही ग्राहकाचा मजकूर वापरू शकतो. सेवा सुधारणं म्हणजे त्यांचं एआय मॉडेल शिकवणं. म्हणजे आमच्या ग्राहकाच्या ग्राहकाची तक्रार त्यांच्या स्वतःच्या कामाला लागणार. आणि तसं झालं की ते निव्वळ प्रोसेसर राहत नाहीत, त्या वापरापुरते स्वतःच कंट्रोलर होतात. आमच्या करारात याला जागाच नव्हती. आम्ही ग्राहकांना जी बंधनं लिहून दिलीत तीच डेटा जपण्याची बंधनं पुढच्यावर घालायची असतात, त्याहून ढिली चालत नाहीत. मग तीन पत्रं, एक व्हिडिओ कॉल, आणि शेवटी ते वाक्य आमच्या खात्यापुरतं निघालं. महागडा प्लॅन घ्यावा लागला. हिशेबवालीने परत विचारलं, आता हे कुठल्या खात्यात टाकू?

दुसरा प्रश्न जागेचा. सर्व्हर कुठे आहेत हे सगळेच सांगतात, अगदी अभिमानाने. पण मध्यरात्री काही बिघडलं तर दुरुस्त करायला लॉगइन कोण करतो आणि कुठून करतो, हे विचारलं की उत्तर यायला आठवडा लागतो. डेटा युरोपात ठेवलेला असला आणि दुसऱ्या खंडात बसलेला सपोर्टचा माणूस तो स्क्रीनवर बघत असला, तर तोही डेटा बाहेर पाठवल्यातच जमा. जुलै २०२०मध्ये युरोपच्या न्यायालयाने युरोपातला डेटा अमेरिकेत पाठवण्यासाठीची 'प्रायव्हसी शील्ड' ही व्यवस्था रद्द ठरवली तेव्हापासून ग्राहकांचे वकील या एका प्रश्नावर फार कान टवकारून असतात. जून २०२१मध्ये डेटा युरोपबाहेर पाठवताना वापरायची नवीन प्रमाणित करारकलमं आली, जुलै २०२३मध्ये अमेरिकेसाठी नवी व्यवस्था आली, तरी प्रश्न काही थांबलेले नाहीत. त्यामुळे 'कुठे साठवतात' आणि 'कुठून बघतात' असे दोन वेगळे रकाने मी केले. यातला दुसरा माझ्या तक्त्यातला सगळ्यात उपयोगी रकाना ठरला.

आणि मग आमचे स्वतःचे करार. कागदोपत्री सगळ्यांना ३० दिवस. प्रत्यक्षात विक्रीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सौदा हातचा जाऊ नये म्हणून काय काय कबूल केलेलं! कुणाला ४५ दिवस, कुणाला ६०. एका करारात 'कामकाजाचे दिवस' असा शब्द होता, त्याने हिशेब आणखी लांबला. एका ग्राहकाला नोटीस ईमेलने चालणार नाही, त्यांच्या विधी विभागाच्या पत्त्यावर कागदी पत्र हवं. आणि एक ग्राहक चक्क पहिल्या वाटेचा: सरसकट परवानगी नाही, प्रत्येक नावासाठी लेखी होकार हवा. सगळे करार एका जागी नव्हतेच. काही विक्रीच्या फोल्डरमध्ये, काही कुणाच्या तरी जुन्या ईमेलला जोडलेले, एक तर मोबाइलवर काढलेला फोटो, तिरका, खालच्या कोपऱ्यात अंगठा. कलम नेमकं त्या अंगठ्याखाली.

त्या दिवसांत मला मराठीतला 'हरकत नाही' हा शब्द नव्याने ऐकू यायला लागला. आपण दिवसभर म्हणतो. उशीर झाला, हरकत नाही. साखर नाही, हरकत नाही. इथे मात्र त्याचा नेमका कायदेशीर अर्थ आहे: दिलेल्या मुदतीत समोरचा गप्प राहिला तर त्याची हरकत नाही असं धरायचं. म्हणजे आमचं सगळं गाडं लोकांच्या गप्प राहण्यावर चालतं. मग निदान गप्प बसलेल्या माणसापर्यंत पत्र पोचलं तरी होतं, एवढं तरी बघायला हवं.

ईमेलचा पहिला मसुदा मार्केटिंगकडून आला. विषय होता, 'तुमच्यासाठी काहीतरी खास!' आत दोन परिच्छेद फीचरचं कौतुक, हिरवं बटण, आणि सगळ्यात खाली राखाडी अक्षरात एक ओळ, की या सुविधेसाठी आम्ही एका भागीदाराची मदत घेतो. भागीदाराचं नाव नाही. मी सगळं काढलं. विषयात लिहिलं: 'सब-प्रोसेसर बदलाची सूचना, हरकतीची शेवटची तारीख अमुक.' तारीख विषयातच, कारण हे वाचणारा माणूस दिवसाला दोनशे ईमेल चाळतो. आत पहिल्याच वाक्यात कोण येतंय, पूर्ण कायदेशीर नाव आणि पत्ता. मग ते काय करणार, कुठला डेटा त्यांच्याकडे जाणार, कुठला जाणार नाही, कुठे राहणार, कुठून बघितला जाणार, किती काळ, कुठल्या तारखेपासून. हरकत घ्यायची तर कुठे लिहायचं. मार्केटिंगवाली म्हणाली, "हे वाचून कुणी घाबरणार नाही का?" मी म्हटलं, घाबरायचं कारण असेल तर घाबरू देत. पण ते हिरवं बटण बघून जो दुर्लक्ष करेल त्याची मला जास्त भीती वाटते.

एक गोष्ट मात्र तिने बरोबर सांगितली. मी मसुद्यात 'तक्रारीचा मजकूर' असं लिहिलेलं. ती म्हणाली, त्याला जोडलेल्या फाइल्सचं काय? मला माहीत नव्हतं. इंजिनिअरला विचारलं, त्यालाही क्षणभर माहीत नव्हतं. बघितल्यावर कळलं की फाइल्स जात नाहीत, पण फाइलींची नावं जातात. लोक फाइलला काय नावं देतात हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल मी का दचकले. आडनाव, जन्मतारीख, 'रक्त तपासणी रिपोर्ट'. त्याच दिवशी नावं पाठवणं बंद केलं.

पाठवायचं कशातून, हा पुढचा घोळ. नेहमीप्रमाणे मार्केटिंगच्याच साधनातून पाठवायला निघालो होतो. सहज म्हणून 'अनसबस्क्राइब' केलेल्यांची यादी उघडली आणि पोटात गोळा आला. आमच्या जाहिरातींना कंटाळून ज्यांनी नाव काढून टाकलेलं, त्यांना हे साधन काहीच पाठवत नाही, आणि पाठवलं नाही हे ठळकपणे सांगतही नाही. त्यांच्यात तीन मोठे ग्राहक होते. जाहिरात नको म्हणणाऱ्याने कायदेशीर सूचना नको असं म्हटलेलं नसतं. मग ज्या यंत्रणेतून आमची बिलं जातात तिच्यातून पाठवायचं ठरलं. तर तिथे ज्या पत्त्यावरून ईमेल जाणार होती त्या डोमेनवर डीकेआयएम, म्हणजे ईमेल खरंच आमच्याकडूनच गेलीय हे पटवणारी डिजिटल सही, नीट बसवलेलं नव्हतं, त्यामुळे चाचणीची ईमेल थेट स्पॅममध्ये. ते दुरुस्त होईपर्यंत आणखी दोन दिवस गेले. एवढ्यात मी मनातल्या मनात फीचरची तारीख तीनदा पुढे ढकलली होती, मॅनेजरना एकदाच सांगितली.

शेवटी एका मंगळवारी सकाळी पाठवलं. कागदी पत्र आदल्या दिवशीच पोचपावतीसह टाकलेलं.

पहिल्या दहा मिनिटांत परत आलेल्या ईमेल मोजल्या: सव्वीस. करारावर सही केलेला माणूस नोकरी सोडून गेलेला, कंपनीचं नाव बदललेलं, पत्ता मुळातच चुकीचा टाइप केलेला. करारात शब्द होता 'पाठवल्यापासून ३० दिवस', म्हणजे कायद्याचा कीस काढला तर आमचं काम झालेलं. मला ते पटेना. त्या सव्वीसजणांना फोन करून नवा पत्ता घेतला आणि त्यांचे दिवस दुसऱ्या ईमेलपासून मोजले. वकिलाने खांदे उडवले, पण नाही म्हटलं नाही.

मग उत्तरं. बरीचशी सुट्टीवर असल्याची आपोआप आलेली. काही 'नोंद घेतली'. एका सुरक्षा टीमने आमची ईमेलच फिशिंग म्हणून कळवली आणि आमच्याच सपोर्टला विचारलं, ही खरी आहे का. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. एका ग्राहकाने एकशे चाळीस प्रश्नांचा तक्ता पाठवला, त्यातले शंभर तरी आमच्या फीचरशी संबंध नसलेले. आणि एकाची खरी हरकत आली. दोन ओळींची. आमच्या क्षेत्रात तक्रारीचा मजकूर मॉडेलकडे पाठवायला आम्हाला आमच्याच नियामकाची मंजुरी लागते, ती नाही, सबब हरकत आहे.

करारात हरकतीचं पुढे काय, ते लिहिलेलं होतं: दोघांनी बसून तोडगा काढायचा, नाही निघाला तर ग्राहक करार मोडू शकतो आणि भरलेले उरलेले पैसे परत. एका फीचरसाठी ग्राहक गमवायचा कोण तयार होणार? इंजिनिअरने दोन दिवसांत प्रत्येक खात्यासाठी वेगळं बटण केलं: सारांश चालू किंवा बंद, आणि बंद असेल तर त्या खात्याचा एकही शब्द बाहेर जाणार नाही. हे बटण पहिल्या दिवशी असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. हे मी बोलून दाखवलं आणि नको होतं दाखवायला.

पण मला रात्री जागं ठेवलं ते त्या एकशे चाळीस प्रश्नांपैकी एकाने. 'जोडलेली यादी पूर्ण आहे याची खात्री करा.' मी 'हो' लिहिलं, आणि पाठवायच्या आधी खात्री खरंच करावी म्हटलं. हिशेबवालीकडून वर्षभराची सगळी सॉफ्टवेअरची बिलं मागवली, इंजिनिअरकडून सगळ्या एपीआय चाव्यांची, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर बाहेरच्या सेवांना जोडणाऱ्या संकेतांची यादी, आणि दोन्ही शेजारी ठेवून आमच्या जाहीर यादीशी ताडून पाहिलं. बिल नसलेलं एक नाव चावीच्या यादीत निघालं. फुकटच्या प्लॅनवर चालणारं, सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडायचं साधन. चूक झाली की त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं ते सगळं तिकडे जाई. सगळं, म्हणजे तक्रारीचा मजकूरसुद्धा. दोन वर्षांपासून. कुणाला वाईट हेतू नव्हता; एका घाईच्या रात्री कुणीतरी बसवलं आणि ते चालत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंद केलं, जुना डेटा पुसून घेतला, पुसल्याचं लेखी घेतलं. वकील म्हणाले, बाहेरच्या कुणाच्या हाती लागल्याचं दिसत नाही, तेव्हा हे डेटा फुटण्याचं प्रकरण नाही. पण कराराचा भंग आहेच, आणि २८व्या कलमाचाही. त्या कलमाच्या भंगाला दंडाची कमाल मर्यादा १ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या २ टक्के, यातलं जे जास्त ते. आमच्या आकाराच्या कंपनीने हा आकडा मोठ्याने वाचू नये. बैठकीत एक सूचना अशीही आली की आता बंदच केलंय तर सांगायचं कशाला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग संस्थापकच म्हणाले, सांगायचं.

पहिल्या ईमेलमध्ये सगळं भविष्यकाळात होतं: येणार, जाणार, कळवावे. ही दुसरी भूतकाळात लिहायची होती, आणि भूतकाळातल्या गोष्टीला हरकत घेऊन काय उपयोग? मी सहा मसुदे केले. प्रत्येकात 'अनवधानाने' हा शब्द यायचा आणि मी तो काढायचे, कारण तो आमच्या सोयीचा होता. शेवटी नुसतं लिहिलं, हे घडलं, या तारखेपासून या तारखेपर्यंत, हा डेटा गेला, हे थांबवलं, हे पुसलं, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. एक ग्राहक गेला. बाकीच्यांनी कडक भाषेत लिहिलं आणि राहिले. एकाने लिहिलं, असं लिहून कळवणारे तुम्ही पहिलेच, पण कृपया परत लिहायची वेळ आणू नका.

आता आमच्याकडे खरेदीच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे: या साधनाकडे ग्राहकाचा डेटा जाणार का? 'माहीत नाही' असा पर्याय मुद्दाम ठेवलाय, आणि तो निवडला की फॉर्म माझ्याकडे येतो. फुकट साधनांनाही फॉर्म लागतो. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त 'माहीत नाही' आले.

याच धांदलीत एकदा जुनी ईमेल शोधत असताना माझ्याच पेटीत 'व्हेंडर अपडेट्स' नावाचा फोल्डर उघडला. असले ईमेल परस्पर तिकडे जावेत असा नियम मीच कधीतरी लावलेला. न वाचलेल्या एकशे बारा. त्यांतली एक आमच्या होस्टिंगवाल्यांची, सब-प्रोसेसर बदलाची सूचना. हरकतीची मुदत संपून नऊ दिवस झालेले. विषयात तारीख नव्हती. मी उभ्याउभ्याच ती वाचली आणि आमच्या साखळीत पुढे कोण जोडलं गेलंय ते आपल्या तक्त्यात भरलं. ऑक्टोबर २०२४च्या मतात त्याच युरोपीय बोर्डाने म्हटलंय की कंट्रोलरकडे साखळीतल्या शेवटच्या सब-प्रोसेसरपर्यंतची नावं हाताशी असायला हवीत. तेव्हा आमच्या ग्राहकांना हे नाव माझ्याकडूनच मिळायचं होतं.

फीचर ठरल्यापेक्षा सात आठवडे उशिरा सुरू झालं. ज्यांची मुदत लांबची, त्यांची बटणं त्या त्या तारखेला एकेक करून उघडली. हरकतवाल्याचं बंद आहे, तसंच राहील. कागदी पत्राची पोचपावती आली, ती मी पारदर्शक फाइलमध्ये घालून ठेवलीय. आणि तो पहिल्या वाटेचा ग्राहक, ज्याला लेखी होकार द्यायचाय, त्याला मी आतापर्यंत चारदा लिहिलंय. उत्तर नाही. त्याच्या करारात गप्प बसणं म्हणजे 'हरकत नाही' असं कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याचंही बटण अजून बंदच आहे.